पाचवी शाई

ओफेलिना बार्रिया दुकानात आली ती बूट न पुसताच,
हातात मुलाचा फोन, काचेला तडा.
म्हणाली, दोनशे कार्डं. शुक्रवारी वर्ष होतंय.
फोटो एवढाच आहे.

साठ केबीचा जेपेग.
दिराने नणंदेला पाठवला, नणंदेने पुन्ता अरेनासच्या काकांना,
काकांनी परत इकडे कास्त्रोला.
दर मुक्कामावर थोडा थोडा रुदेसिन्दो
फाइलने उतरवून ठेवला,
ओझं कमी व्हावं म्हणून उतरवतात तसा.
मी मोठा करून पाहिला:
गालावर आठ बाय आठच्या चौकटी,
हनुवटीच्या कडेने राखाडी मुंग्या.
गिऱ्हाइकांना मी हे सांगत बसत नाही, पण
माणसाच्या डोळ्याला उजेड आधी कळतो, रंग मागाहून,
म्हणून जेपेग टाकायला लागला की पहिल्यांदा रंग टाकतो.
नाकाची रेघ राहते. गालावरचं ऊन जातं.

तिला गालाचं काही नव्हतं.
पडद्यावरच्या बोटीवर तिने बोट ठेवलं.
हा निळा नीट यायला हवा.
त्याने स्वतः लावलेला, तीन हात.

पडद्याचं सोपं असतं, त्याच्याजवळ उजेड आहे.
लाल, हिरवा, निळा, तिघांना मोकळं सोडलं की पांढरंशुभ्र.
कागद मुळातच पांढरा,
शाई त्याच्यातून फक्त काढून घेते.
आकाशी, किरमिजी, पिवळी एकावर एक चढवल्या
तर काळं व्हायला हवं. होतो चिखल.
काळ्याचा डबा म्हणून वेगळा ठेवावा लागतो, चौथा.

मी आरजीबीचं सीएमवायके केलं. एक क्लिक.
बोट विझली.
धुऊन धुऊन विटलेल्या पँटचा रंग उरला.
कोपऱ्यात त्रिकोण उगवला, पोटात उद्गारचिन्ह.
मी म्हणाले, बाई, हा निळा छापता येत नाही.
ती म्हणाली, समुद्रात तर दिसायचा.

रात्री फाइल टिफमध्ये ठेवली.
टिफ काही टाकून देत नाही,
पण आधीच गेलेलं आणूनही देत नाही.
एलियासार मशीन पुसता पुसता बोलला, पाचवी शाई मागव,
प्वेर्तो मोंतहून, खास घोटलेली.
भाव काढला. दोनशे कार्डांपेक्षा शाईच महाग.
ओफेलिनाने नोटा दोनदा मोजल्या
आणि पाकिटाची चेन लावली.

सकाळी शटर उघडलं तर ती दारात, काखेत डबा.
झाकण गंजून बसलेलं. एलियासारने स्क्रूड्रायव्हरने उचकटलं.
वर जाड साय, आणि सायीखाली
तो.
हे घाला मशीनमध्ये.
एलियासार हसला नाही. रबर खाईल, एवढंच म्हणाला.

मग मी बोट कापली.
कडेकडेने, एकेक पिक्सेल, दुपारपर्यंत.
पडद्यावर तिच्या जागी राखाडी-पांढरा बुद्धिबळाचा पट आला,
काहीच नाही असं दाखवायला
आमच्याकडे तोच असतो.
छापून आलं तेव्हा पटसुद्धा नव्हता. नुसता कागद,
आणि रुदेसिन्दो कशाला तरी टेकून उभा.

कटिंगच्या टेबलावर ती बसली, नणंद बसली,
शाळेचा कोट न काढता मुलगा बसला.
तीन बारीक ब्रश, दोनशे बोटी.
नणंदेच्या काठाबाहेर गेल्या.
मुलाने काहींना नाव घातलं, काहींना विसरला.
टर्पेंटाइनच्या वासाने माझं डोकं चढलं,
तरी खिडकी उघडा म्हणवेना.

असला रंग या थंडीत चार दिवस वाळत नाही.
आज गुरुवार, मी सांगून पाहिलं.

शुक्रवारी चर्चच्या पायऱ्या उतरणारे सगळे
हात अंगापासून लांब धरून चालले होते.
पाद्रीबाबांच्या बाहीलासुद्धा निळं.
कार्ड ज्याने ज्याने घेतलं
त्याच्या बोटाला बोट लागली होती.