अकरात धरलंय

करदोटा सोडायला आईला वेळ लागला.
चांदीचा, जुना, गाठ आवळलेली.
तायताचा दोरा तिनं दातांनीच तोडला
आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला.
तिच्या बोटांना तंबाखूचा वास.
नाव वेणू यमूल. वय साडेसहा.
पत्ता विडी घरकुल.
किती शब्द बोलतो, या रकान्यापाशी
ती अडखळली नाही. अकरा, म्हणाली.

घरात तेलुगू, शाळेत मराठी,
शेजारी कन्नड, गल्लीत उर्दूतल्या शिव्या.
भाषा जास्त झाल्या, पोर गोंधळलं,
असं तिला ज्यानं त्यानं ऐकवलेलं.
"मग थोरलीला चारी कशा येतात ओ मॅडम?"
मी हेडफोन पुसत राहिले.

या खोलीत मुलं रडतात.
सकाळपासून दोघांना तसंच परत पाठवलं होतं.
वेणू आत सरकला आणि यंत्र सुरू झालं,
खडाक् खडाक् खडाक्,
तर हा गप्प पडून.
काचेतून नुसता उजवा अंगठा दिसत होता,
ठेका धरलेला.
हलू नको, असं सांगायला हवं होतं.
सांगितलं नाही.

बाहेर बेचाळीस अंश. आत माझी बोटं गारठलेली.
त्याच्या कानात एक बाई सावकाश सांगत होती,
आधी तेलुगूत, मग मराठीत:
कुत्र्यानं मांजराला ढकललं.
मांजरानं कुत्र्याला ढकललं.
कोणी कोणाला, तेच म्हणे याच्या हातून निसटतं.
एक 'नं', एक 'ला'. सुताएवढे.

तुटलेला ताणा पडद्यावर दिसेल
असं मलाही पहिल्या वर्षी वाटायचं.
पुण्याच्या संशोधक बाई म्हणतात,
एकट्या पोराच्या चित्रात काही शोधू नका,
चाळीस जणांची सरासरी निघू दे,
मग एखादा ठिपका उजळेल. कदाचित.
याचा नंबर तेवीस.

बाहेर आल्यावर त्यानं मागे वळून
यंत्राकडे बोट केलं.
"मग्गम."
माग! मी धावतच रकान्याशी गेले,
अकरा खोडून बारा करायला.
आई करदोट्याची गाठ मारत होती.
मान वर न करता म्हणाली,
"ते जुनंच हाय, मॅडम.
अकरात धरलंय."

मी पेन मिटलं.
आतला पंखा अजून फिरत होता.
चोवीस नंबरची मुलगी दारातच
फ्रॉक मुठीत धरून उभी.