शेवटून पहिल्याकडं

फंक्शनला एकच गोष्ट सांगायची असते: किती.
बारा म्हटलं की त्यानं बारा ठिपके मांडावेत,
शून्यापासून अकरापर्यंत,
आणि प्रत्येकातून एक रेघ काढावी, पुढच्याकडं.
दहापर्यंत नीट चालतं.
अकराव्याला पुढचा सापडत नाही
आणि स्क्रीनवर लाल अक्षरं.

लातूर, आमची गल्ली, रात्रीचे पावणेदोन.
आज आठव्या दिवसाचं पाणी.
वॉल्व्हमन सिद्राम एकाच घरी कळवतो,
"बारा जणांला फोन लावायला
माझं रिचार्ज काय महापालिका मारती का?"
म्हणून तो गयाबाई कोरकेंना,
गयाबाई आम्हाला, आम्ही सुग्राबीला.
आईच्या मोजणीत आमचं घर दुसरं, माझ्या मोजणीत एक.
"मग शून्य नंबरचं कुणाचं?"
गयाबाईंचं, म्हटलं.
"तिला नको सांगूस. चिडंल."

फोन वाजला.
"पाणी सुटलंय. पुढं सांगा."
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
आईनं अंधारातच सुग्राबीचा नंबर लावला,
तेच चार शब्द, मग मोटरचं बटण,
मग हौदाच्या तळाला पहिली धार, पोकळ.

मी लाल अक्षरांकडं बघत विचारलं,
शेवटचे बिराजदार कुणाला सांगतात?
"गयाबाईला."
तिला तर आधीच माहीत असतं.
"असतंय की. पर मधीच कुणी झोपलं
तर कळावं कसं?"

बादली भरेपर्यंत मी ओळ बदलली.
अकरात एक मिळवायचा, बारानं भागायचं,
भाग किती गेला ते सोडून द्यायचं,
उरेल त्याच्या दारात जायचं.
उरलं शून्य.
गयाबाईंची कडी वाजली म्हणायची.

तीन चाललं. शंभर चाललं.
दोनला अडले:
दोघांच्या मध्ये एक रेघ की दोन,
जाणारी आणि परत येणारी?
एक लिहिली. खोडली.
भिंतीला भिंत असलेली ती जाऊबाईंची घरं आठवली,
एकीनं सांगितलं तर दुसरी ऐकल्याचं कबूल करत नाही.
दोन ठेवल्या.

आणि एक?
एका ठिपक्यातून निघून त्यातच शिरणारी रेघ
चूक धरावी का, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.
गेल्या मे महिन्यात अख्खी गल्ली गावाला होती,
कुणी पुण्याला लेकीकडं, कुणी लग्नाला.
सिद्रामचा फोन आला तेव्हा
गयाबाई म्हणे दारात आल्या,
कुलपं लावलेल्या अकरा घरांकडं बघितलं,
"पाणी सुटलंय," मोठ्यानं म्हणाल्या,
आणि आत जाऊन घागर लावली.

चूक धरली नाही.

शून्य दिलं तर काय करायचं
ते उद्या बघू.
सुग्राबीचा फोन अजून लागत नाही, आई चप्पल घालतीये.