सातवा मोर

सोलोलाकीच्या चढावर तुतींचा सडा,
आम्हा नऊ जणांच्या चपलांचे तळ जांभळे.
नेस्तान छत्री उंच धरून पुढं.
ऊन मरणाचं, पण छत्री उन्हासाठी नव्हे,
आम्ही हरवू नये म्हणून.

"हे घर तंबाखूच्या व्यापाऱ्याचं.
आत या, छतावरचे मोर बघा."
जिन्याखाली हायसं गार वाटलं.
माना मोडून मोजले : सहा, आणि एक अर्धा.
सातवा मानेपाशीच संपत होता,
तिथं मागाहून कुणी भिंत घातलेली,
भिंतीत दार, दारावर तीन बेल.

मधली दाबलीच नव्हती कुणी,
तरी दार उघडलं.
ओल्या हातांची एक बाई
कंटाळल्यासारखी काहीतरी बोलली.
नेस्तान क्षणभर गप्प.
मग भाषांतर केलं :
"ननुली म्हणतात, डोकं माझ्याकडे आहे.
शेगडीच्या वर.
दोघं दोघं या, वांगी करपतील."

काजळी धरलेला तुरा,
चोच थेट पातेल्यावर रोखलेली.
लसणाचा वास. कुणी फोटो काढला नाही.

बाहेर आलो तेव्हा
सहा वर्षं हाच फेरा करणारी नेस्तान
छत्री मिटून
रांगेत शेवटी उभी होती.