तोंडओळख

क्रॉयडनच्या बाजारात, मासेवाल्याच्या ठेल्यासमोर,
महिन्यातून दोन-तीनदा उभी असते पोलिसांची गाडी.
टपावर कॅमेरे, शेजारी फलक:
इथे चेहरे तपासले जात आहेत.
मी अर्धा किलो हॅडक सांगते
आणि तो फलक पुन्हा वाचते.

मिस्टर येबोआ,
हे पत्र नाही. पत्र कुठल्या तोंडाने लिहू?
आणि तुमचा पत्ता मला कोण देणार.

एक्क्याऐंशी सालचा नोव्हेंबर.
मी तेवीस वर्षांची, पोस्टाच्या खिडकीवर.
नळी कापलेली बंदूक काचेला टेकली
तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला
चार सेकंद. फार तर पाच.
पुढे ठाण्यात नऊ जण भिंतीला पाठ लावून.
खांद्याला हात लावून दाखवायचं, अशी रीत होती तेव्हा.
तुमच्या कोटाची लोकर ओलसर होती.
सार्जंटने विचारलं, खात्री आहे?
माझ्या आत कुठलाच आकडा उमटला नाही,
शंभरात साठ, शंभरात सत्तर, असा.
मी हो म्हटलं.

ते 'हो' तुम्ही सहा वर्षं चार महिने भोगलंत.
खरा माणूस नंतर भलत्याच गुन्ह्यात सापडला.
तुमच्याहून वीतभर बुटका. कान तर साफ वेगळे.
तुमची-माझी ती तेवढीच तोंडओळख.

गेल्या फेब्रुवारीत लेनर्ड घरातून निघून गेला,
पायात सपाता, खिशात चमचा.
हल्ली तो मला मॅडम म्हणतो.
मी पोलिसांना फोटो दिला, ब्रायटनचा, हसतानाचा,
आणि तीन तासांत स्टेशनच्या त्या लोंढ्यातून
यंत्राने नेमका त्याला हुडकला.
ज्याला स्वतःची ओळख उरली नव्हती
त्याची ओळख ठेवली कुणीतरी.
त्या संध्याकाळी मी या गाडीला हात लावला.
बॉनेट गरम होतं.
घोड्याची मान थोपटतात तसं थोपटलं मी, खोटं कशाला सांगू.
हात तोच, मिस्टर येबोआ.

आज त्याच गाडीपाशी एक पोरगा थांबवलाय.
अठराचा असेल. हातात केकचा खोका,
दोरीला धरलेला, कलू नये म्हणून.
मी तो नाही, तो म्हणतो,
या महिन्यात दुसऱ्यांदा म्हणतोय.
कॉन्स्टेबल मुलगी सभ्य आहे. सर म्हणते त्याला.
पण पडद्यावर आकडा आहे
आणि आकड्यासमोर पोरगा
हळूहळू आपल्याच चेहऱ्याचा जामीन होत जातो:
आधी ओळखपत्र, मग बोटं,
मग आईचा फोन, जो लागत नाही.
पंचवीस मिनिटं.
सहा वर्षं नव्हेत, मान्य. बर्फ वितळतो तेवढाच वेळ.
सोडतानाही ती सर म्हणाली.
त्याने खोका उघडून पाहिला. निळं आइसिंग
एका कडेला घसरलं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते.
त्या पंचवीस मिनिटांत, पिशवी हातात धरून,
मीही त्याच्याकडे बघत होते,
आणि आतून कुणीतरी ठाम म्हणालं:
हाच तो.
पोस्टातला तो आज सत्तरीला आला असेल.
हा पोरगा तेव्हा जन्मालाही नव्हता.
तरीही. हाच तो.
यंत्राला निदान कुणी विचारू शकतं, किती टक्के.
निदान त्याच्या शेजारी फलक लावावा लागतो.

पोरगा माझ्याकडे वळला. काय बघताय, मॅडम?
माझी जीभ टाळ्याला चिकटली.
मासेवाला मागून ओरडला, डोकं काढू की ठेवू?

घरी आले. लेनर्डने साखळी न काढता
दार बोटभर उघडलं.
आपण कोण?
लोरेन, मी म्हटलं.
तो बराच वेळ बघत राहिला, फटीतून,
कसलीही घाई नसलेल्या माणसासारखा.
मग म्हणाला, पुन्हा सांगा.