बीट नंबर अकरा, सोपवताना

हे बघा ठोंबरे,
पत्ते तुम्हाला आठवड्यात पाठ होतील.
सिडकोनं कोपरखैरणे आखलं ते फूटपट्टीनं,
पंधरा संपला की सोळा लागेलच असं नाही
एवढी एक खोड सोडली तर चुकण्यासारखं काही नाही.

मी सांगतोय ते ट्रॉलीचं.

ट्रॉली जिना चढत नाही.
तुम्ही चढणार, रजिस्टर पत्र घेऊन, चौथ्या मजल्यावर,
बाई आधी गॅस बंद करून येणार, मग चष्मा शोधणार,
आणि खाली अख्ख्या गल्लीचा पत्रव्यवहार
दोन चाकांवर उभा, एकटा.

तेव्हा साखळी. दोन मिनिटांचं काम असलं तरी साखळी.
गॅसच्या पाइपाला बांधू नका, सेक्रेटरी वरून ओरडतो.
झाडाच्या पिंजऱ्याला तर नकोच,
पिंजरा झाडासकट गेलेला पाहिलाय मी.
माथाडी वसाहतीत पाण्याच्या मीटरशेजारी एक कडी आहे,
कुणाची तरी बकरी असायची तिथं.
बकरी गेली. कडी आपली.

रो-हाऊसच्या ओळीत बोडकेबाईंचं गेट.
बाई दुपारी झोपतात, कुत्रा झोपत नाही.
त्याला ग्लुकोजचं अर्धं बिस्कीट.
अर्धंच. पूर्ण दिलं
तर तो तुमच्या मागं जिना चढतो.

नाक्यावर रामसजीवन, इस्त्रीवाला. विसंबायला हरकत नाही,
पण साखळी लावून विसंबा.
त्याला राग येत नाही.
तोही जेवायला जाताना इस्त्रीला साखळी लावतो.

आधार, पॅन, चेकबुकं खांद्यावरच्या पिशवीत.
ट्रॉलीत बिलं, मासिकं, विम्याच्या आठवणी,
लग्नपत्रिका हल्ली क्वचित.
झाकणाचे पट्टे दोन्ही लावायचे.

एकदा गेली.
नऊ वर्षं झाली. गुरसाळ्यांची मनीऑर्डर, तिसरा मजला,
म्हातारे नोटा दोनदा मोजतात, तिसऱ्यांदा सुनेकडून.
खाली आलो तर साखळी कापलेली
आणि कुलूप बंद. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं.
माझे पाय तिथंच राहिले.
मग कंपाउंडच्या भिंतीवर दिसलं टपाल,
गठ्ठ्यावर गठ्ठा, माझीच सुतळी, माझाच क्रम,
वर एक वीट.

दुपारी तीनला खाडीकडून वारा सुटतो,
हे चोराला ठाऊक होतं.

मोजलं. एकशे त्रेसष्ट. एकही कमी नाही.
राहिलेलं सगळं हातात धरून वाटलं, सहा वाजले.
अर्जात लिहिलं: ट्रॉली चोरीस, टपाल सुरक्षित.
साहेब म्हणाले, सुरक्षित कसं?
विटेला रकाना नव्हता.
चार हप्त्यांत पगारातून कापून घेतले.

दिवाळीनंतर एक पोरगा दिसला नाल्याकडच्या रस्त्याला,
ट्रॉलीवर पाण्याचे दोन कॅन.
डावं चाक चीं करायचं, ते मी झोपेतही ओळखेन.
त्यानं मला पाहिलं. खाकी पाहिली. पळाला नाही.
काय विचारायचं ते सुचेना, सवयीनं विचारलं,
घर नंबर?
म्हणाला, आमच्याकडं पत्र येत नाही.

मी पुढच्या इमारतीत गेलो.
बरोबर केलं की नाही, हे तुम्ही मला विचारू नका,
मी एकतीस तारखेला घरी चाललोय.

ही चावी. ही दुसरी, डुप्लिकेट, हिला धार राहिलेली नाही.
साखळी नवी आहे, कात्रीला दाद देणार नाही म्हणाला दुकानदार,
पण दुकानदार म्हणतातच.
आणि ही वीट. भुयारी मार्गाच्या उतारावर
चाकाखाली लावायची, ब्रेकपेक्षा बरी.
चार्जच्या यादीत ती नाही, तिच्यासाठी सही लागत नाही.
इथं करा, या ओळीवर. तारीख घाला.

आणि बिस्कीट अर्धंच, ठोंबरे.