एक टिंब

सस्कॅचेवानच्या गव्हात एकच खोली.
आधी शाळा, आता संग्रहालय;
बुधवारी उघडतं, ओलेनाबाई आल्या तर.

काचेआड बुटांची एक जोडी.
खाली चिठ्ठी : विद्यार्थ्याचे बूट.
‘विद्यार्थ्यांचे,’ बाई म्हणतात,
एका टिंबासाठी थांबून,
आणि हजेरीपट उघडतात.

नेस्टर हजर, प्रोकिप गैरहजर.
प्रोकिप हजर, नेस्टर गैरहजर.
सबंध हिवाळा असा दिवसाआड चाललेला
मास्तरणीच्या गोठलेल्या शाईत.

फेब्रुवारीत एकदाच
दोघंही हजर.

‘उणे तीस होतं.
नेस्टरकाकाच्या पायात बूट,
पाठुंगळीला माझा बाप.
अडीच मैल.’

मी काचेला नाक लावतो :
डावी टाच जास्त झिजलीय.
त्या दिवशी धडा कुठला झाला
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.