बिनविरोध

दौलतगंजातल्या सभागृहात अर्धा तास
कोरमची वाट पाहिली. मग सभा तहकूब,
आणि तीच सभा, त्याच सतरा खुर्च्यांवर,
पुन्हा सुरू. आता कोरम लागत नाही.

मी निर्वाचन अधिकारी. पोस्टातून निवृत्त.
कार्यवाहपदासाठी अर्ज एक.
छाननी झाली, मुदतीत माघार नाही.
दिगंबर बिडवई, चौथ्यांदा.

मतपेटी आणली होती तरीही:
बिस्किटांचा डबा, झाकणाला चीर.
नऊ वर्षांत आत पडला असेल तर
पंख्याचा एक स्क्रू.

घोषणा करणार, तोच घुलेबाई उठल्या.
"मला नाही म्हणायचंय. कुठं म्हणू?"

घटना चाळली. कलम चौदा:
एका जागेस एकच अर्ज, तर मतदान नाही.
'नाही'ला रकानाच नाही.

"मग अर्ज का नाही भरलात?" मागून कुणीतरी.
"मला पद नकोय हो.
नुसतं नाही म्हणायचंय."

हशा. गजकाचा पुडा फिरू लागला.
बिडवई हसले नाहीत.
चष्मा पुसत म्हणाले, "लिहा ना इतिवृत्तात.
मीही तेच म्हणतोय नऊ वर्षं,
घरी."

विषय क्रमांक पाच.
श्री. बिडवई हे
इथवर लिहिलं.
पुढचा शब्द लिहावा की नाही,
याचं कलम सापडेना.

जानेवारी. पेन गारठलेलं.
दोन्ही तळव्यांत धरून बसलो जरा वेळ.
घुलेबाई उभ्याच होत्या.